आपले नम्र

आमच्या चर्चमधल्या प्रत्येक पंख्यावर नाव आहे. कंपनीचंही आहे, पण ते बारीक. ठळक आहे ते देणाऱ्याचं. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक परिवारातर्फे प्रभुचरणी सविनय सादर’ हा मजकूर लाल ऑइलपेंटनं तीन पात्यांवर वाटून लिहिलेला असतो: पहिल्या पात्यावर मयत, दुसऱ्यावर परिवार, तिसऱ्यावर विनय. अडचण एवढीच, की छत्रपती संभाजीनगरात होळीनंतर पंखा बंद ठेवायची सोय नाही, आणि पंखा चालू असताना नाव वाचायची सोय नाही. त्यामुळे दात्याला श्रेय मिळतं ते फक्त लाइट गेल्यावर. पाती मंदावत मंदावत थांबतात, घामानं निथळणारी मंडळी माना वर करते, नाव वाचते, आणि नेमक्या त्याच घटकेला त्या कुटुंबाबद्दल कुणाच्या मनात फारसं प्रेम नसतं.

एका दात्यांनी यावर पास्टोरेट कमिटीला रीतसर अर्ज दिला, की नाव पात्यावर न घालता मधल्या वाटीवर घालावं. वाटीही फिरते, असं कमिटीनं कळवलं. मग त्यांनी चर्चला इन्व्हर्टर दिला. इन्व्हर्टर फिरत नाही. त्यावर पितळी पाटी बसली, ‘सविनय’सकट. आणि इन्व्हर्टर आल्यापासून लाइट गेला तरी पंखे थांबत नाहीत, म्हणजे बाकी सगळ्यांची नावं कायमची फिरतीवर गेली. दानधर्मातून उगवलेला इतका नेमका सूड मी दुसरा पाहिलेला नाही.

मी या कमिटीचा सहसेक्रेटरी आहे. इतिवृत्त लिहिणं हे माझं काम, आणि ते माझ्याइतकं चांगलं मराठवाड्यात कुणी लिहीत नाही, हे मी इथं पूर्ण नम्रतेनं नमूद करतो.

गर्व करायचा तर बाहेरच्या जगात फार सोपं आहे. मोठी गाडी घ्यावी, क्रांती चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लावावा, मोकळं व्हावं. आम्हा ख्रिस्ती माणसांना तो नम्रतेच्या मार्फत करावा लागतो, म्हणून त्यात कारागिरी जास्त. लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’ या दोन शब्दांखाली जेवढ्या मोठ्या टायपात नावं असतात, तेवढ्या टायपात नवरानवरीचीही नसतात. महासभेच्या फ्लेक्सवर ‘प्रभूचा क्षुद्र सेवक’ दहा फूट उंच उभा असतो, हात जोडलेले, मनगटावर घड्याळ, आणि क्रूस त्याच्या कोपराशी कुठंतरी, जागा उरली म्हणून.

पण खरी परीक्षा असते उत्तम शुक्रवारी. दुपारी बारा ते तीन उपासना. वधस्तंभावरचे सात उद्गार, त्यांवर सात वक्ते. एप्रिलचं ऊन, पत्रे तापलेले, आणि या सातांत कुणाला कुठला उद्गार यावरून फेब्रुवारीपासून चाललेलं राजकारण. पहिला उद्गार क्षमेचा. तो मानाचा, ज्येष्ठांचा. (क्षमेचा उद्गार आपल्याला दिला नाही म्हणून एक ज्येष्ठ गृहस्थ कमिटीशी अजून बोलत नाहीत.) दुसरा लुटारूचा, त्यात गोष्ट आहे, तो चांगल्या वक्त्याला. तिसरा आईचा; तो महिला मंडळाला देऊन समानतेचा प्रश्न तीन वर्षांसाठी सोडवता येतो. चौथा अवघड, कारण त्यात देवानं सोडून दिल्याचं दुःख आहे, आणि आमच्याकडे त्यावर बोलायला कुणी सहसा राजी नसतं. देवानं सोडलं असं कबूल केलं तर लोक काय म्हणतील? पाचवा तहानेचा. सगळ्यांत छोटा, म्हणून नवशिक्याला. त्याच्यासमोर थंड पाण्याची बाटली ठेवलेली असते आणि तो ती दर दोन मिनिटांनी तोंडाला लावत तहानेवर बोलतो. खाली बसलेल्या कोरड्या घशांना त्या दिवशी हा उद्गार कुठल्याही व्याख्येशिवाय समजतो. सहावा उद्गार काम पुरं झाल्याचा. तो ज्यांच्या वाट्याला जातो त्यांचं कधीच पुरं होत नाही. सातव्याच्या वेळी तीन वाजून गेलेले असतात, लहान मुलं बाकाखाली झोपलेली असतात, आणि वक्ता घड्याळाकडे बघत म्हणतो, ‘मी फार वेळ घेणार नाही.’ ख्रिस्ती माणसाच्या तोंडून वर्षभरात बाहेर पडणाऱ्या असत्यांत याचा क्रमांक वरचा लागेल.

साक्ष देण्यातही तेच. पूर्वायुष्य जितकं काळं, तितका साक्षीदाराचा भाव मोठा. दारू, जुगार, मारामारी असं ज्याच्या खात्यावर आहे त्याला महासभेत मंचावर खुर्ची मिळते. एका सरळमार्गी गृहस्थांनी उभं राहून, प्रभूच्या कृपेनं गुटखा सुटला, अशी साक्ष दिली, तर मागच्या बाकावरून कुणीतरी ‘एवढंच?’ म्हणालं. बिचारे ओशाळले. पुढच्या वेळी त्यांनी त्यात थोडी सिगारेट घातली.

आणि संडे स्कूलचं नाटक! लूकच्या शुभवर्तमानातला परूशी आणि जकातदार यांचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. परूशी मंदिरात उभा राहून स्वतःची आरती ओवाळतो, जकातदार मान खाली घालून छाती बडवतो आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. आमच्याकडे जकातदार व्हायला सतरा मुलं तयार होती. शेवटी जिंकतो तो हिरो, हे पोरांना बरोबर कळतं. परूशी व्हायला कुणी मिळेना, म्हणून ते काम कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेल्या एका गरीब पोराला दिलं. जकातदाराचं काम कमिटीतल्या एका सदस्यांच्या नातवाकडे गेलं. त्यानं छाती अशी बडवली, की आजोबा पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच टाळ्या सुरू केल्या.

या विषयावर जुन्या संतमहंतांनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे. पाचव्या शतकातल्या जॉन कॅसियन नावाच्या संन्याशानं पोकळ अभिमानाला कांद्याची उपमा दिली: एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा तयार. वैजापूर-लासूरकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. फक्त हा कांदा कधी पडत्या भावानं जात नाही. सहाव्या शतकात बेनेडिक्टनं आपल्या मठाच्या नियमावलीत नम्रतेची बारा पायऱ्यांची शिडी घालून दिली. त्यातली दहावी पायरी अशी, की माणसानं चटकन हसू नये. अकरावी अशी, की बोलावं ते हळू, थोडं, आणि हसल्याविना. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या बर्नार्डनं हीच शिडी उलटी लावून गर्वाच्या बारा पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी चौकसपणाची: डोळे भिरभिरणं, कोण आलं, कोण नाही ते बघणं. म्हणजे आमची उपासना जिथं सुरू होते तिथंच. तिसरी पायरी उगाचच्या हसण्याची. मला मात्र बर्नार्ड आवडतो तो पुस्तकाच्या शेवटासाठी. नम्रतेवर लिहायला बसून तुम्ही गर्वावरच लिहिलंत की, असं कुणी म्हणेल तर त्याला बर्नार्डचं उत्तर साधारण असं आहे: बाबांनो, जे मला येतं तेच मी शिकवणार, मला उतरणं माहीत आहे.

हे सगळं मी आत्याला वाचून दाखवलं. आत्या मूळची जालन्याची, मिशन दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेली. सगळी मंडळी तिला सिस्टरबाई म्हणते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हंजे मी दोन्ही शिड्यांवर नापास. काहून रे, त्या मठात एकालाही हसू येत नव्हतं?’

आत्याचं एकच पुस्तक: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. पवित्र शास्त्र ती रोज वाचते, पण ‘स्मृतिचित्रे’ ती पुन्हा पुन्हा वाचते. यातला फरक पाळकसाहेबांना सांगू नका अशी तिची ताकीद आहे. १९३४ पासून भागाभागानं आलेलं हे पुस्तक म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाचा नम्रतेवरचा सगळ्यांत मोठा ग्रंथ, असं तिचं मत, आणि आता माझंही. त्यात नम्रतेवर प्रवचन जवळपास नाही. आहे ती एका कोकणस्थ ब्राह्मण घरातली, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात वाढलेली मुलगी, जिचा नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि जी स्वतः १९०० साली झाली. मधल्या काळातला तिचा सगळा झगडा वाचावा. नवऱ्याकडे परत आली तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. ते सोवळं एक एक करून कसं गळालं, हे ती सांगते तेव्हा स्वतःला संत ठरवत नाही आणि पूर्वीच्या लक्ष्मीला मूर्खही ठरवत नाही. तिच्याकडे बघून हसते फक्त. आणि नवऱ्याला सोडत नाही. रेव्हरंड टिळक म्हणजे ज्यांची भजनं गातच आम्ही मोठे झालो, ज्यांच्यासाठी पाळकसाहेब आवाज खाली आणतात, ते टिळक तिच्या पुस्तकात घरात पैसा टिकू न देणारे, रागावणारे, लगेच विरघळणारे, भोळे गृहस्थ आहेत. टिळकांच्या मोठेपणाला त्यानं कुठं बाध आला नाही. उलट त्यांचं ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर राहून ते १९१९ साली गेले, तेव्हा उरलेले साठाहून जास्त अध्याय याच बाईनं लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं. त्याबद्दल तिनं कुठं पंखा लावला नाही.

‘पण आत्या,’ मी म्हटलं, ‘लक्ष्मीबाई उंचावरून खाली आल्या. आपलं काय?’

हा प्रश्न मी सहज विचारला, पण त्याच्याभोवती आमच्या मंडळीचा अर्धा इतिहास आहे. या भागात ख्रिस्ती धर्म पोचला तो दोन वाटांनी. औरंगाबादेत इंग्रजांच्या चर्च मिशनरी सोसायटीचं काम, ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रतनजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी बरीच वर्षं पाहिलं. जालन्यात स्कॉटिश फ्री चर्चचं, ते नारायण शेषाद्रींनी. शेषाद्री ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून कोर्टकचेरी झाली आणि त्याला परत जातीत घ्यावं की नाही यावर, बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले तरी, मुंबईत मोठा गदारोळ उठला. असा हा माणूस पुढं जालन्याजवळ मुख्यतः मातंग समाजातल्या कुटुंबांबरोबर येऊन राहिला. निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल नावाचं गाव वसवलं. १८७३ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत हा पागोटेवाला बोलून आला, आणि परत बेथेलच्या मातीत.

आता यातून नम्रतेचा धडा घ्यायचा सोडून आम्ही काय घेतलं? वंशावळ. ‘आमच्या खापरपणज्याला खुद्द शेषाद्रींच्या हातचा बाप्तिस्मा!’ ‘असेल, पण आम्ही नवरोजींच्या वेळचे.’ ‘नवरोजी अँग्लिकन, त्यांच्याकडे पाणी नुसतं शिंपडत.’ ‘मग स्कॉटलंडात काय नदीत बुडवत?’ २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा हे सगळं मिटलं असं कागदोपत्री आहे. आत्याचं लग्न त्यानंतरचं. जालन्याची स्कॉटिश मुलगी औरंगाबादच्या अँग्लिकन घरात दिली, तर सासूबाई पहिल्या रविवारी म्हणाल्या, ‘आमच्यात प्रभुभोजन गुडघ्यावर घेतात, तुमच्यात बाकावर बसून घेत असतील.’ आत्या म्हणते, चर्चं सहा होती ती एक झाली, सासू एक होती ती सहांना पुरून उरली.

या भांडणाकडे बघून हसायला येतं, आणि हसावंच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांच्या पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर ओंजळ घालायची मुभा नव्हती, सावलीसुद्धा बेतानं पाडावी लागे, त्यांचे पणतू आज चर्चच्या पहिल्या बाकासाठी तावातावानं भांडतात. बेनेडिक्टची बारावी पायरी आहे मान खाली, नजर जमिनीवर. इटलीतल्या सरदारपुत्राला ती शिकावी लागत असेल. आमच्या पणजीला नजर जमिनीवर ठेवायला शिकवणारं अख्खं गाव होतं. तिला वर बघायला शिकवणारा पहिला माणूस मिशनचा मास्तर. तेव्हा नम्रतेचा उपदेश ऐकताना तो सांगणारा कुठल्या पायरीवर उभा आहे, एवढं मी आधी बघून घेतो. आणि पंख्यावर नाव घालणाऱ्यावरही मी वाटतो तितका रागावलेलो नाही. ज्या घराण्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या कुठंच लिहिलं गेलं नाही, त्यानं ते पंख्यावर का होईना लिहिलं. इन्व्हर्टरवाल्याला मात्र मी हा फायदा देणार नाही.

आत्याचं उत्तर वेगळंच होतं. ती म्हणाली, ‘आपल्याला खाली जायचं नाही आणि वरही जायचं नाही. सारख्या उंचीवर बसायचं. आणि सारख्या उंचीवर आलोत की नाही हे कसं कळतं सांगू? एकमेकाला हसता येतं.’

मी पैठणच्या नाथांचा दाखला दिला. आमच्याच जिल्ह्यातला, शिवाय टिळकांनाही तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्त भेटला होता, तेव्हा आमच्याकडे असल्या दाखल्याला हरकत नसते. गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकतो, नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला जातात, एकशे आठ वेळा, न चिडता. ‘खरंय,’ आत्या म्हणाली, ‘पण त्यांना गोदावरी होती रे. आपल्याकडं नळ आठ दिवसांनी.’

आणि यावरूनच पुढचं सगळं रामायण.

कारण त्या वर्षी आमच्या नव्या पाळकसाहेबांनी पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी करायचं ठरवलं. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. आमच्याकडे तो प्रकार नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, ‘हे कॅथलिक आहे.’ पाळकसाहेब तयारीनं आले होते. ज्या सहा संस्थांचं मिळून आपलं चर्च झालं, त्यातलीच एक चर्च ऑफ द ब्रेदरेन; डहाणूकडे त्यांचं जुनं मिशन. प्रीतिभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुणं हा त्यांचा मूळचाच नेम. ‘म्हणजे १९७० सालीच हे आपल्याकडे येऊन पडलंय, फक्त आपण उघडून पाहिलं नाही.’ सेक्रेटरींनी माघार घेतली, पण खजिनदार उठले. पाणी कुठलं? जायकवाडीचं धरण पन्नास किलोमीटरवर भरलेलं असो नाहीतर कोरडं असो, आमच्या गल्लीत नळाचा वार ठरलेला, आणि तो गुरुवार नाही. बारा माणसं, चोवीस पाय, टँकरचा दर अमुक. एकेकच पाय धुवावा, असा उपाय त्यांनी सुचवला. रोमन पंथात उजवा पाय धुतात असंही कुणीतरी सांगितलं. दोन तास चर्चा होऊन दोन्ही पाय, पण एक तांब्या, असा ठराव झाला. तो मी फार सुंदर शब्दांत लिहिला आहे.

मग बारा कोण? नावं पटापट आली. आलेल्या प्रत्येकानं घरी जाऊन काय केलं असेल ते सांगायला नको: वजरी, साबण, नखं, आणि दोघांनी तर पेडिक्युअर. यात आम्हीच पहिले असंही नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी याच गुरुवारी आपल्या वयाइतक्या गरीब बायकांचे पाय धुवायची. पण तिच्याआधी धोबीण ते पाय धुऊन घ्यायची, मग दानधर्माचा दुय्यम अधिकारी, मग मुख्य अधिकारी, आणि चौथ्या धुण्याला राणी. शेजारच्या घरातून बादलीभर पाणी मागून आणताना मला तिची फार आठवण झाली.

घोटाळा झाला तो बाराव्या खुर्चीवर. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या. मंडळी पुढं आली आणि प्रत्येकजण डावीकडून मोजायला लागला. अकरा भरल्या. बारावी रिकामी. बारावा शिष्य कोण हे पहिलीतल्या पोराला ठाऊक आहे. यहूदा इस्कार्योताच्या खुर्चीत बसणार कोण? मूळ बारावे होते ते ऐनवेळी गीतमंडळात जाऊन उभे राहिले आणि तोंड उघडून गायलाही लागले. खुर्ची उजवीकडून मोजावी असं एकानं सुचवलं, तर पहिल्या खुर्चीतले ताडकन उठले. ऑर्गन वाजवणारा तीच ओळ पाचव्यांदा वाजवत होता. आत्या बाजूला टॉवेल घेऊन उभी होती. तिनं टॉवेल माझ्या हातात दिले आणि बाराव्या खुर्चीत जाऊन बसली.

‘त्याचेबी पाय धुतले होते की त्यानं,’ ती म्हणाली. आवाज तिचा दवाखान्यातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

पाळकसाहेब पहिल्या खुर्चीपासून निघाले. पाळक तरुण, भावनाप्रधान. तिसऱ्या पायापर्यंत त्यांचे डोळे भरून आले होते. अकरा जण डोळे मिटून, हात जोडून, चेहऱ्यावर असा भाव आणून बसले होते, की पाय धुणाऱ्यावर आपणच उपकार करतो आहोत. बाराव्या खुर्चीशी पाळकसाहेब गुडघ्यावर बसले, आत्याच्या पायांवर पाणी ओतलं, रुमाल फिरवला, आणि उठणार तेवढ्यात आत्यानं खाली वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘साहेब, बोटांच्या मधलं पुसा. नाहीतर चिखल्या होतात.’

एक क्षण काहीच झालं नाही. मग पाळकसाहेबांचे खांदे हलायला लागले. मंडळीला वाटलं, रडतायत. ते हसत होते. त्यांनी रुमालाचं टोक घेऊन आत्याच्या दहाही बोटांच्या बेचक्या पुसल्या, आणि मग आपसूक उलट वळून अकराव्या खुर्चीकडे गेले, कारण तिथंही राहिलंच होतं. तोवर अख्खं चर्च हसत होतं. अकरा शिष्य डोळे उघडून आपापल्या बोटांकडे बघत होते. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री आमच्या चर्चमध्ये कुणी हसलं असेल तर ते पहिल्यांदाच. बेनेडिक्ट असता तर आम्हाला मठाबाहेर काढता. गीतमंडळातला तो मूळचा बारावा सगळ्यांत मोठ्यानं हसत होता, आणि त्याच्याकडे बघून आत्याही.

इतिवृत्तात मी लिहिलं: ‘सिस्टरबाईंच्या सूचनेनुसार पाळकसाहेबांनी पुढील कार्यवाही केली व मंडळीत आनंदाचं वातावरण पसरलं.’ सेक्रेटरींनी आनंदाचं वातावरण खोडून ‘विधी गांभीर्यपूर्वक पार पडला’ असं घातलं. माझ्या भाषेत आजवर कुणी हात घातला नव्हता. आमचे संबंध त्यानंतर ‘जय ख्रिस्त’पुरते राहिले आहेत.

पुढच्या वर्षी विधी पुन्हा ठरला आणि खुर्च्यांसाठी अर्जांचा ढीग आला. गंमत अशी, की सगळ्यांना आता बारावी खुर्ची हवी. ज्येष्ठतेचा विचार व्हावा, असं तिघांनी लिहिलं. आमच्या घराण्यात ती परंपरा आहे, असं एकानं. यहूदाची परंपरा! सेक्रेटरींनी ज्येष्ठतेनुसार यादी केली आणि योगायोगानं ते स्वतः बारावे आले.

त्या बैठकीत आत्याचं पत्र वाचलं गेलं. तिनं औषधाच्या चिठ्ठीसारख्या चार ओळी लिहिल्या होत्या: यंदा मला बसवू नये, यंदा मी धुणार, पाळकसाहेबांना विचारलंय, ते बादली धरतील, सुरुवात बाराव्या खुर्चीपासून, बाराव्यानं घरी पाय धुऊन येऊ नये, दिवसभर बूट घालून यावं, मोजे तिथंच काढावेत. सेक्रेटरींनी पत्र दोनदा वाचलं. बाईनं पुरुषाचे पाय धुण्याची घटनेत तरतूद आहे का, असं त्यांनी विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, खुद्द येशूचे पाय एका बाईनं आसवांनी धुतले होते, तेव्हा कुठली घटना होती? मग घरून धुऊन न येण्याची तरतूद आहे का, असं सेक्रेटरींनी विचारलं. शेवटी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

पुढच्या बैठकीला सेक्रेटरी आले नाहीत. पायाला लागलंय, चालता येत नाही, असा निरोप त्यांनी मुलाकरवी पाठवला. निरोप ऐकल्या ऐकल्या आत्या उठली, ड्रेसिंगची पेटी, एक तांब्या आणि धुतलेला टॉवेल घेऊन रिक्षा करून त्यांच्या घराकडे निघाली.